पाकीट घरी आलं तर?

(पत्र थोडक्यात दिलं आहे. लिहिणाऱ्याची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

‘ताई, मी २५ वर्षांचा, सांगलीचा. शिकागोत एमएस करतोय. दीड वर्षापासून एका मेक्सिकन-अमेरिकन मुलीबरोबर आहे. ती २२ ची, लिटल व्हिलेज या इथल्या मेक्सिकन वस्तीत आईवडिलांकडे राहते, नोकरी करत कॉलेज करते. मागच्या आठवड्यात मी युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमध्ये आयुष्यात पहिल्यांदा लैंगिक आजारांची तपासणी केली, तर क्लॅमिडिया पॉझिटिव्ह. त्रास काहीच नव्हता. बाकी सगळं निगेटिव्ह. गोळ्या सुरू झाल्यात. तिला सांगितलं तर आधी रडली, मग म्हणाली, मी तपासणी करणार नाही. तिचा विमा वडिलांच्या नोकरीतून आहे, विमा कंपनीचं पाकीट घरी येईल म्हणते. आईकडे अमेरिकेत राहायची कागदपत्रं नाहीत, त्यामुळे घरात आधीच सगळे धास्तावलेले. जवळच्या क्लिनिकच्या काउंटरवर आईची मैत्रीण बसते. लहानपणी आईसाठी दुभाषी म्हणून माझी मैत्रीण याच क्लिनिकमध्ये जायची. माझी पुण्यात एक मैत्रीण होती, पण ते केव्हाच संपलं. म्हणजे हे हिच्याकडूनच आलं ना? जन्म अमेरिकेतला, इंग्रजी माझ्यापेक्षा फाडफाड, आणि वागणं आमच्या मिरजेच्या मावशीसारखं. इतकं मागासलेपण कसं? तिला समजावू कसं? तिच्या आईशी मी बोलू का?’

अरे, आधी गोळ्यांचं बोलू, मग तिचं. ‘मागासलेपण’ सगळ्यात शेवटी घेते, कारण तो शब्द वाचून माझं डोकं तापलंय, ते जरा निवू दे.

तुला बहुधा डॉक्सिसायक्लिन दिलं असेल, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. मधे सोडू नकोस. भरपूर पाण्याबरोबर घे आणि घेतल्या घेतल्या आडवा होऊ नकोस, अन्ननलिकेला जळजळ होते. तुझा आणि तिचा, दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नाहीत. ‘कंडोम लावून चालेल का’ हा पुढचा प्रश्न असेल तर उत्तर नाही असंच आहे. तू एकट्याने औषध घेतलंस आणि ती तशीच राहिली, तर पुन्हा जवळ आलात की तुला परत तेच होईल.

आता ‘हिच्याकडूनच आलं ना’. हे तुला कळणार नाही, तिला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. क्लॅमिडिया बहुतेकांच्या शरीरात काही न दाखवता महिनोन्‌महिने बसून राहतो. तू आयुष्यात पहिल्यांदा तपासणी केलीस असं तूच लिहिलंयस. म्हणजे पुण्याहून निघताना तू निगेटिव्ह होतास याचा तुझ्याकडे काय पुरावा आहे? हे तुझ्याकडून तिला गेलेलं असणं तेवढंच शक्य आहे. आणि हे वाक्य तू तिला बोलून दाखवलं असशील, तर तिच्या रडण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल. मुलाचा भूतकाळ म्हणजे अनुभव आणि मुलीचा म्हणजे डाग, हे गणित तिच्या गल्लीत आहे तसंच तुझ्याही. आधी ते परत घे. ‘कुणाकडून आलं ते कळत नाही आणि मला ते शोधायचं नाही’ एवढं म्हण.

तिच्यासाठी काय करायचं? तुला वाटतंय की पहिली पायरी म्हणजे तिचं मन वळवणं. मला तसं वाटत नाही. ती अडाणी नाही, घाबरलेली आहे. आणि तिने सांगितलेल्या भीतींपैकी काही साध्या व्यवस्थेने मिटतात. तेवढं आधी करू.

उद्याच हेल्थ सेंटरला फोन कर आणि जोडीदारासाठी औषध मिळेल का ते विचार. इलिनॉयमध्ये क्लॅमिडियासाठी डॉक्टर जोडीदाराला न तपासताही तिच्यासाठी औषध किंवा प्रिस्क्रिप्शन देऊ शकतो, कायद्याने त्याची मुभा आहे. हे फार लोकांना माहीत नसतं, आणि आपण विचारल्याशिवाय समोरचा सांगेलच असं नाही. दोन गोष्टी मात्र तिला आधी विचार. गरोदर असण्याची शक्यता आहे का? असेल तर डॉक्सिसायक्लिन नको, त्याऐवजी दुसरं औषध आहे. आणि ओटीपोटात दुखणं, ताप असं काही आहे का? असेल तर गोळीवर भागवू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. संसर्ग गर्भाशयाकडे आणि नळ्यांकडे सरकला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

प्रिस्क्रिप्शन घेऊन फार्मसीत गेलात की काउंटरवर स्पष्ट सांगायचं: विम्यावर लावू नका, रोख देतो. जेनेरिक गोळ्या फार महाग नसतात. तिच्या नावाची प्रिस्क्रिप्शन असेल तर फार्मसीच्या खात्यात कुणाचा फोन नंबर आहे तेही तिला बघू दे. अनेक घरांत सगळ्यांचं मिळून एकच खातं असतं आणि ‘तुमचं औषध तयार आहे’ हा मेसेज आईच्या फोनवर जाऊन पडतो.

गोळ्यांनी क्लॅमिडिया जाईल, पण तिची गनोरिया, सिफिलिस, एचआयव्हीची तपासणी राहतेच. त्यासाठी आईच्या मैत्रिणीच्या काउंटरवर जायची काहीएक गरज नाही. शिकागो शहराच्या आरोग्य विभागाची लैंगिक आजारांसाठी स्वतःची क्लिनिकं आहेत. तिथे विमा लागत नाही, पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत आणि इमिग्रेशनचं स्टेटस विचारत नाहीत. शिवाय १९७० च्या टायटल टेन कायद्याखाली चालणारी कुटुंबनियोजनाची क्लिनिकं आहेत, तिथे फी उत्पन्नाप्रमाणे असते आणि गुप्तता पाळणं बंधनकारक असतं. दुसऱ्या भागातलं, ट्रेनने अर्ध्या तासावरचं एखादं शोधा. तपासणीला कपडे काढून झोपावं लागतं अशी तिची कल्पना असेल तर तीही दूर कर. लघवीचा नमुना किंवा तिने स्वतः बाथरूममध्ये घेतलेला स्वॉब, आणि दंडातून थोडं रक्त. संपलं. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी घरच्या घरी नमुना घेऊन लॅबला पाठवायच्या किटलाही २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. हवं तर ते तुझ्या पत्त्यावर मागवता येईल.

पाकिटाची तिची भीती शंभर टक्के खरी आहे. २०१० च्या कायद्यामुळे अमेरिकेत मुलांना २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं. सोय मोठी, पण तिच्याबरोबर हा त्रासही येतो. विमा कंपनी प्रत्येक भेटीनंतर पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला एक कागद पाठवते. वर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही. खाली पेशंटचं नाव, तारीख, दवाखान्याचं नाव, ‘लॅब’ असं काहीतरी, आणि किती डॉलर कुणी भरायचे. आजाराचं नाव नसलं तरी बावीस वर्षांच्या मुलीच्या नावापुढे महिला क्लिनिकचं नाव दिसलं की घरात पुढचा प्रश्न विचारायला आजाराचं नाव लागत नाही. आणि अशा कितीतरी घरांत इंग्रजी टपाल वाचून सांगणारीही हीच मुलगी असते. ती घरी नसताना पाकीट धाकट्या भावाने फोडलं तर? याला उपाय आहे. माझे कागद वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवा, घरी कळलं तर मला धोका आहे, अशी लेखी विनंती केली तर विमा कंपनीला ती मानावी लागते. ही विनंती तपासणीच्या आधी करायची. या वेळी तर विमाच वापरू नका, पण पुढच्या चार वर्षांसाठी तिने ती करून ठेवावी.

आईच्या कागदपत्रांच्या भीतीवर मात्र माझ्याकडे असा सोपा तोडगा नाही. दवाखाने, शाळा, चर्च इथे शक्यतो कारवाई करायची नाही हे इमिग्रेशन खात्याचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून शिकागोत धाडींची मोठी मोहीम झाली. लिटल व्हिलेजच्या सव्विसाव्या रस्त्यावर तेव्हा काय वातावरण होतं ते तू शहरात राहून पाहिलंच असशील. तुझी मैत्रीण स्वतः अमेरिकन नागरिक आहे, तिला क्लिनिकमध्ये जायला कायद्याने काही भीती नाही. पण जिच्या आईला दूध आणायला बाहेर पडतानाही दोनदा विचार करावा लागतो, त्या घरातल्या मुलीला आपलं नाव-पत्ता कुठल्याही सरकारी फॉर्मवर लिहिणं जड जातं. शिवाय एक हिशोब त्या घरातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात चालू असतो: आईवर आधीच एवढं ओझं आहे, त्यात माझं नको. ती तुझ्यापासून काही लपवत नाहीये. ती आईला एका बातमीपासून वाचवतेय.

आणि तो दुभाषीपणा! तू एका वाक्यात उरकलास, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. नऊ-दहा वर्षांची पोरगी शाळा बुडवून आईबरोबर दवाखान्यात जाते. डॉक्टर इंग्रजीत विचारतो, शेवटची पाळी कधी आली, अंगावरून जातं का, संबंधांच्या वेळी दुखतं का. पोरीने ते स्पॅनिशमध्ये आईला विचारायचं. आईने जमिनीकडे बघत पोरीला उत्तर द्यायचं. काही शब्द पोरीला येत नाहीत, काही आईला तिच्या तोंडी नको असतात, मग दोघी मिळून थोडं गाळतात, आणि डॉक्टर गाळलेल्या उत्तरावर औषध लिहितो. घरी जाताना त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. मुलांना दुभाषी म्हणून वापरू नका, अगदी आणीबाणी असली तरच, असा स्पष्ट नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. तोवर हिचं बालपण संपत आलं होतं. आता तू तिला सांगतोयस की त्याच ठिकाणी जा आणि या वेळी तेच प्रश्न तुझ्याबद्दल विचारू दे. ‘साधी तपासणी तर आहे’ हे तुझ्यासाठी खरं आहे.

आता येते ‘मागासलेपणा’कडे.

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, तरुणांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ या सगळ्याला सांस्कृतिक ताण म्हणतात. भेदभावाचे अनुभव, आपण इथे नकोसे आहोत ही जाणीव, आणि घरी पुरेसे मेक्सिकन नाही, बाहेर पुरेसे अमेरिकन नाही ही रोजची ओढाताण, हे सगळं त्यात आलं. हा ताण वाढला की नैराश्य, दारू, विनाकंडोम संबंध वाढताना दिसतात. तुझी मैत्रीण तपासणी टाळतेय तेही मला यातलंच वाटतं. पण त्याच अभ्यासांत दुसरी बाजूही दिसते, ती तुझ्या तर्कात बसणार नाही: कुटुंबाशी घट्ट नातं असलेली मुलं अनेकदा जास्त सुरक्षित वागतात. म्हणजे ज्याला तू रोग समजतोयस, तो पुष्कळदा आधार असतो.

आकडेही बघ. २०२२ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या नव्या संसर्गांपैकी अंदाजे एक तृतीयांश लॅटिनो लोकांमध्ये होते, लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १९ टक्के. त्यातले बहुतेक समलिंगी आणि उभयलिंगी पुरुष. २०१८ ते २०२२ या काळात देशाचा एकूण आकडा खाली आला, त्याचा फायदा मात्र सगळ्यांना सारखा मिळाला नाही. संसर्ग टाळणारी प्रेपची गोळी अमेरिकेत २०१२ पासून आहे. ती कुणाच्या हाती पोचते आणि कुणाच्या नाही, हे विमा, भाषा, डॉक्टरशी बोलायची सोय यावर ठरतं. कुणाचे संस्कार कसे, यावर नाही.

दवाखान्यावरचा अविश्वासही आकाशातून पडलेला नाही. लॉस एंजेलिसच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत, बाळंतकळा देणाऱ्या मेक्सिकन बायकांपुढे इंग्रजीतले कागद सरकवून सह्या घेतल्या गेल्या आणि त्यांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. काहींना आपलं काय झालं ते नंतर कळलं. दहा जणी कोर्टात गेल्या. मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन या खटल्याचा निकाल १९७८ मध्ये लागला, तो डॉक्टरांच्या बाजूने. दोष संवादातल्या गोंधळावर टाकला गेला, आणि या बायकांना एवढं दुःख का झालं याचं कारण न्यायाधीशांनी शोधलं ते त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीत! जणू दुसऱ्या कुठल्या बाईला न विचारता नसबंदी केलेली चालली असती. गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या चाचण्याही १९५६ पासून पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या गरीब वस्तीत झाल्या, तिथल्या बायकांना आपण चाचणीचा भाग आहोत हे धड सांगितलंही गेलं नव्हतं.

म्हणून ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य कानावर आलं की मी सावध होते. ते बोलणाऱ्याला सहसा स्वतःकडे बघायचं नसतं. त्या न्यायाधीशांना नव्हतं, आणि राग मानू नकोस, या पत्रात तुलाही नाही. तुझ्या मिरजेच्या मावशीला बोल लावण्याआधी आठव, २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो विषय बासनात गेला. तू तेव्हा पहिलीत असशील. त्याच्या ऐंशी वर्षं आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उघड उत्तरं देत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. सगळं असूनही तू पंचविसाव्या वर्षी, तेही परदेशात, फुकट मिळाली म्हणून पहिली तपासणी केलीस. चांगलं केलंस, मनापासून सांगते. पण तुला ती करता आली कारण तुझ्या विम्याचं पाकीट सांगलीला जात नाही. आणि एक विचारू? या मुलीबद्दल तू तुझ्या आईला सांगितलंयस का? पत्रात तर तसं काही दिसलं नाही.

तिच्या आईशी तू बोलायचं का? मुळीच नाही. तो अधिकार तुझा नाही आणि हेतू कितीही चांगला असला तरी त्या घरात तो घाव तिच्यावर बसेल. आई कधीच समजून घेणार नाही असं मात्र मी म्हणत नाही. मायामीत ‘फॅमिलियास युनिदास’ नावाचा कार्यक्रम अनेक वर्षं चालू आहे. त्यात लॅटिनो पालकांचेच गट भरवतात, स्पॅनिशमध्ये, आणि मुलांशी या विषयावर बोलायचं कसं याची त्यांच्याकडून तालीम करून घेतात. मग घरी येऊन आईबाप आणि मुलगा-मुलगी यांना समोरासमोर बसवतात. त्यातून मुलांचं असुरक्षित वागणं कमी झाल्याचं चाचण्यांमध्ये दिसलंय. तेव्हा हिची आईही एक दिवस ऐकेल, कदाचित आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. पण तो दिवस हिने ठरवायचा, आणि इमिग्रेशनच्या गाड्या गल्लीत फिरत असताना तो आलाच पाहिजे असा हट्ट तू धरू नकोस.

तिला समजावूही नकोस. तिच्याकडे जा आणि म्हण: औषध मी आणतो, विम्यावर लागणार नाही. क्लिनिक तुझ्या भागातलं नाही, मी बरोबर येतो, तुला हवं असेल तर बाहेर थांबतो. दुभाषी लागणार नाही, तिथे फक्त तू असशील. यायचं की नाही ते तू ठरव, संबंध मात्र दोघांचा कोर्स संपेपर्यंत बंद, माझ्याकडून. यातलं शेवटचं वाक्य धमकीसारखं वाजू देऊ नकोस, आणि गाळूही नकोस. एवढं करूनही ती नाही म्हणाली तर तिला चार-पाच दिवस दे आणि एकदाच पुन्हा विचार. गोळ्या तिने घेतल्या तरी अर्धं काम झालं.

तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासणी करायची, बरं वाटत असलं तरी, कारण हा संसर्ग परत होणं फार सामान्य आहे. आणि क्लिनिकमध्ये गेलातच तर एचपीव्हीच्या, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या आणि कॅन्सर घडवू शकणाऱ्या विषाणूवरच्या, लशीचंही विचारा. मुलगे आणि मुली दोघांनाही २६ वर्षांपर्यंत ती घ्यायला सांगतात. तिच्याकडे अजून वेळ आहे, तुझा संपत आलाय.

– ताई